सारख्या मापाची वायर

तीन वर्षांनी मोरविदनं इद्वलच्या अंगणात पाऊल टाकलं, तेव्हा तो मेंढ्यांचे खूर तासत होता. मेंढी ढुंगणावर बसवून त्यानं गुडघ्यांत आवळून धरली होती. त्यानं एकदा वर पाहिलं, परत मान खाली घातली आणि हातातला खूर जरा जास्तच खोल तासला. मेंढीनं लाथ झाडली.

"वाट चुकलीस जनू," तो म्हणाला.

"न्हाई चुकले. तुजा अँटेना मागाय आलेय."

"अँटेना?" इद्वलनं मेंढी सोडून दिली. "उद्या म्हनशील, छप्पर बी दे."

"छप्पर नगं. ते माज्यापरीस जास्त गळतंय तुजं."

ऑक्टोबर लागला की वेल्सच्या त्या खोऱ्यात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. मोरविदचा डोक्याचा रुमाल भिजून कपाळाला चिकटला होता, पण आत ये म्हणायचं इद्वलला सुचलं नाही आणि ती म्हणालीही नसती.

"शनवारी दुपारी तीनला मेंढीकुत्र्यांच्या शर्यती दावनार हायत टीव्हीवर," ती म्हणाली. "आपला कॅप हाय त्येच्यात."

"तुमचा," इद्वल म्हणाला. "आपला न्हवं."

तीन वर्षांमागं, ऐन कोकरांच्या दिवसांत, इद्वलची एक गाभण मेंढी खडकावरून पडून मेली होती. मोरविदच्या नवऱ्याच्या, गेथिनच्या नेल कुत्रीनं तिला खडकावर पिटाळलं, असं इद्वल म्हणाला. गेथिन म्हणाला, माझी नेल मेंढीला दातसुद्धा दाखवत नाही. हद्दीच्या दगडी भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं भांडले, एकमेकांच्या मेलेल्या बापांपर्यंत गेले, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. रविवारी चॅपेलमध्ये एकाच देवाची प्रार्थना करायचे, पण एक डावीकडच्या बाकावर नि दुसरा उजवीकडच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही अजून शाबूत होता.

मग गेल्या वसंतात गेथिनच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं. जो माणूस जन्मभर कुत्र्यांशी शिळेनं बोलला, त्याच्या ओठांतून नुसती हवा यायला लागली. नेल म्हातारी, ती शेगडीपाशी बसून राहिली. पण तिचा पोरगा कॅप तरणा आणि चलाख. त्याला बसवून ठेवणं पाप होतं. तो पलीकडच्या खोऱ्यातल्या मेरिगला दिला. कॅप मेरिगच्या शिळेला जागचा हलेना. शेवटी मेरिगनंच गेथिनची शीळ उचलली, दहा वर्षं शर्यतीच्या मैदानावर ऐकलेली, आणि तेव्हा कुठं कॅप धावायला लागला.

"डॉक्टर म्हनतो, कशात तरी मन घालू द्या त्येचं," मोरविद सांगत होती. "पंधरा दिस झालं, भिताडाकडं तोंड करून पडलाय. रश्शाचा चमचा न्हेला की ओठ मिटून घेतो. परवा मेरिगचं पत्र वाचून दावलं, तवा एकच शबूद बोलला. कॅप. म्या म्हनलं, दावते तुला कॅप. बोलून बसले, इद्वल. आन् आमच्या टीव्हीवर तर नुसत्या मुंग्या."

"आमच्याबी मुंग्याच," इद्वल म्हणाला. "आवाज येतो. मानूस दिसत न्हाई."

"म्हनून तर म्हनतेय. दोघांचं जोडायचं."

ही युक्ती तिला तालुक्याच्या रेडिओ दुकानातल्या पेनरीनं सांगितली होती. "मिसेस प्राइस, तुमचं घर खळग्यात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकाच जातीचे दोन अँटेने हद्दीच्या भिंतीच्या उंचवट्यावर जवळजवळ उभे करा, दोघांचं तोंड एकाच दिशेला, आणि ही जोडडबी लावा. पण दोन्हींपासून डबीपर्यंतच्या वायरी नेमक्या एका मापाच्या हव्यात. वीतभर जरी कमीजास्त झाली, तर एकमेकांना हात द्यायच्या ऐवजी एकमेकांच्या तंगड्या ओढतील. आणि एकाच घरात बघायचं. जोडलेलं परत दोन घरांत वाटलं तर परत मुंग्या."

एका जातीचे दोन अँटेने त्या खळग्यात होतेच. भांडणाआधी गेथिन आणि इद्वलनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच गाडीत घालून आणले होते.

इद्वलनं सुरी पुसली. बराच वेळ पुसली.

"माजा खांब माज्या हद्दीत ऱ्हाईल," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. भिंतीच्या पल्याड तुजा, अल्याड माजा. आन् बघायला आमच्याकडं यायचं."

"बघू," इद्वल म्हणाला. त्या खोऱ्यात 'बघू' म्हणजे हो.

शुक्रवारी दिवसभर दोघं उंचवट्यावर राबले. बोलणं कामापुरतंच, "धर", "सोड", "वाकडं झालं". मोरविदनं दोन्ही वायरी भिंतीवर शेजारी-शेजारी ताणून, टोकाला टोक लावून मापल्या. इद्वलचा खांब डबीच्या जवळ होता, म्हणून त्याच्या वायरीची चार वेढ्यांची गुंडाळी शिल्लक राहिली. ती तिनं दगडाखाली नीट ठेवली आणि गेथिनला भरवायला खाली गेली.

संध्याकाळी टीव्ही लावला. आधी मुंग्यांच्या आडून आवाज तरी यायचा. आता नुसतं वारूळ. तिनं बटण फिरवलं, पेटीवर थाप मारली, पेनरीला शिव्या घातल्या. खिडकीजवळच्या खाटेवरून गेथिननं एकदा पडद्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याची ती पाठ बघून मोरविदला रडू फुटलं. आपणच माणसाला आशा लावून फसवलं असं तिला झालं.

सकाळी ती तणतणत वर गेली. भिंतीतल्या फाटकाची कडी तुटलेली, ते फाटक इद्वल नेहमी सुतळीनं बांधायचा. आज ते काळ्या, जाड, नव्याकोऱ्या वायरीनं बांधलेलं होतं. तिनं खांबाकडं बघितलं. गुंडाळी गेली होती. इद्वलची वायर खांबापासून डबीपर्यंत कशी सरळ, ताठ, कुंपणाच्या तारेसारखी.

तिनं फाटकाची वायर सोडली आणि ती हातात धरून इद्वलच्या दारात उभी राहिली.

"ह्ये काय?"

"उरलेली वायर," इद्वल म्हणाला. "ढिली लोंबत हुती. तार कशी ताठ पायजे. चाळीस वर्सं कुंपनं घालतोय म्या, कुनी माज्या तारेला ढिली म्हनलं न्हाई."

"आरं ह्ये कुंपन हाय व्हय? ती ढिली न्हवती, मापाची हुती! मुद्दाम केलंस. तुला त्येचं तोंड भिताडाकडंच ऱ्हायला पायजे."

इद्वलचा चेहरा पडला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याच्या हाताला ढिली तार सहन होत नव्हती, एवढंच.

"न्हाई गं मोरविद," तो म्हणाला. "शपथ. मला वाटलं, नीटनेटकं करतोय." मग हळूच, "दुकान उघडं आसंल का? नवी आनतो."

"तालुक्याला जाऊन येस्तवर शर्यत हुईल." तिनं त्याच्याकडं बघितलं, मग हातातल्या तुकड्याकडं. रागानं तिचे कान तापले होते, पण डोकं चालत होतं. "तुकडा जोडून चालत न्हाई, पेनरी म्हनलाय. तुजी आकूड झाली न्हवं? मग माजीबी तेवढीच आकूड करायची. पकड घे."

तिच्या खांबापासून आता वायर पुरेना, म्हणून खांबच उपटून भिंतीला चिकटवावा लागला. इद्वलनं पहार धरली, मोरविदनं दगड रोवले. दोन्ही वायरी परत शेजारी-शेजारी धरल्या. कापताना तिचा हात थबकला. घरात दुसरी वायर नव्हती.

"काप," इद्वल म्हणाला. "टोक म्या धरलंय."

तीनला दहा मिनिटं कमी असताना इद्वल दारात बूट काढून, टोपी हातात घेऊन आत आला. दार त्यानं नुसतं लोटलं. मोरविदनं चहा ओतला आणि टीव्ही लावला.

मुंग्या हलल्या, पातळ झाल्या, आणि त्यांच्यातून हिरवं मैदान वर आलं. कुंपण, माणसं, माणसांच्या टोप्यासुद्धा. मोरविद मटकन खुर्चीत बसली. गेथिननं मान वळवली होती.

चौथा नंबर कॅपचा. मैदानाच्या टोकाला ठिपक्यांएवढ्या पाच मेंढ्या, आणि मेरिगच्या पायाशी कॅप, पोट जमिनीला टेकून. मेरिगनं शीळ घातली. लांब, मग शेवटी तुटलेली. गेथिनची शीळ. गेथिनचे ओठ पुढं आले, त्यांतून फुस्स हवा निघाली, आणि डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. ते पुसायला मोरविद उठणार, तोच शेगडीपाशी झोपलेली नेल ताडकन उभी राहिली. काय होतंय कळायच्या आत ती दाराच्या फटीतून बाहेर गेली होती.

"नेल!" मोरविद ओरडली. पण पडद्यावर कॅप मेंढ्यांच्या मागं वळसा घेत होता, नजर हलेना. दुसरी शीळ झाली, तिसरी झाली. पाचही मेंढ्या एका रेषेत खाली येत होत्या. "सरळ... सरळ..." इद्वल स्वतःशी बोलत होता. मेंढ्या वाड्याच्या तोंडाशी आल्या, मेरिगनं वाड्याचं दार धरलं, आणि पडदा भस्सकन मुंग्यांनी भरला.

"तुज्या मायला!" इद्वल म्हणाला, आणि मग चॅपेलचा माणूस असल्याचं आठवून टोपी तोंडावर धरली.

गेथिननं डावा हात उचलला. तो पडद्याकडं बघतच नव्हता. खिडकीकडं बोट करत होता.

अंगणात मेंढ्या उभ्या होत्या. तीसेक, इद्वलच्या निळ्या खुणेच्या, दाटीनं, गुपचूप. सकाळी फाटक बांधायचं राहिलंच होतं. पुढच्या मेंढ्याच्या शिंगात काळ्या वायरीचं वेटोळं अडकून लोंबत होतं. आणि सगळ्यांच्या मागं, चिखलात, नेल पोट टेकून बसलेली. म्हातारीची छाती भात्यासारखी चालली होती. डोळे खिडकीवर. पुढच्या शिळेची वाट बघत होती.

इद्वल उठून खिडकीशी गेला. त्यानं मेंढ्या मोजल्या, परत मोजल्या. वरच्या खडकाकडं एकदा बघितलं.

"समद्या हायत," तो म्हणाला. "खडकावनं घिऊन आलीय. एकीला बी खरचटलं न्हाई." आणि मग, कुणाकडंही न बघता, "माजी ती मेंढी आपसूकच पडली आसंल, गेथिन."

गेथिननं परत ओठ पुढं केले. हवाच आली.

"म्या घालू शीळ?" इद्वलनं विचारलं. "पाठ हाय मला तुजी. तीस वर्सं भिंतीपल्याडनं ऐकतोय."

गेथिननं मान हलवली, नाही. मोरविदनं त्याला पाठीमागून आधार दिला. त्यानं डावा हात काचेवर सपाट ठेवला, मग काढून घेतला, बस झालं म्हणावं तसा. नेल उठली, अंग झाडलं, आणि मेंढ्यांकडं पाठ करून दाराशी येऊन बसली.

"पर कॅपचं काय झालं, त्ये कळलंच न्हाई," मोरविद हळहळली.

"नेल," गेथिन म्हणाला. वाकडं, पण कळण्यासारखं. मग दम खाऊन, "पयली."

इद्वलनं बूट चढवले आणि बाहेर जाऊन मेंढ्याच्या शिंगातलं वेटोळं सोडवलं. दारात उभं राहून त्यानं ते उलगडून, लांब करून धरलं. मेंढ्यानं जाताजाता तोडली होती ती उंचवट्यावरची मोरविदची वायर. मोरविदनं रश्शाचं भांडं शेगडीवर चढवलं.

"पकड दे," इद्वल म्हणाला. "आता माजीबी तेवढीच कापाय लागंल."