पोटावरची चंदेरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना जॅमर आहे आणि मी रागावलेलो आहे. वॉशिंग्टन राज्यात, नौदलाच्या एका तळाच्या फाटकाशी, मला कमरेएवढ्या खांबांवर बसवलं आहे. शेजारी पाटी आहे : 'जुनाट झाल्याने ऐन लढाईत निकामी.' ती पाटी खोटी आहे.

शत्रूचं रडार आकाशात हाक मारतं आणि विमानावर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून विमान कुठं आहे ते ओळखतं. मी विमानाच्या पंखाखाली लटकून ती हाक ऐकायचो आणि त्याच सुरात एवढा गोंगाट करायचो, की प्रतिध्वनी त्यात बुडून जायचा. माझा आवाज पोटावरच्या काचतंतूच्या झाकणातून बाहेर पडायचा. माझ्या आडोशानं गेलेली विमानं परत यायची. वैमानिक मला थोपटून जायचे.

मग लढाई लागली. विमानवाहू जहाजावरच्या खाऱ्या वाऱ्यानं माझं झाकण तडकलं. मार्लिस हॅनेकेन या तंत्रज्ञ बाईनं ते बदलायला सांगितलं. तिचे वरिष्ठ, चीफ स्टाविग, कधीही न धुतलेल्या मगातून कॉफी पीत होते.

"नवं झाकण काय डेकवर उगवतं? चंदेरी चिकटपट्टी मार. अर्धं जहाज त्याच पट्टीवर चाललंय."

"चीफ, ती ॲल्युमिनियमची आहे. धातूतून आवाज बाहेर कसा जाणार?"

"दिवा हिरवा लागतोय ना? मग मार पट्टी आणि जेवायला जा."

दिवा हिरवाच होता. तो फक्त माझं आतलं यंत्र तपासतो. जहाजावर मोठ्यानं ओरडायला मला मनाई होती, त्यामुळे बाहेर काही पोचतं का, हे कुणी पाहिलंच नाही.

वैमानिक कॉय व्हँडरवीनचं विमान माझ्या भरवशावर आमच्या विमानाच्या पुढं गेलं. मी जीव तोडून ओरडलो. सगळा आवाज पट्टीवर आपटून माझ्याच पोटात परतला. रडारला कॉय स्वच्छ दिसला. क्षेपणास्त्र सुटलं. तो परत आला नाही.

आमचं विमान जहाजावर उतरताच स्टाविगनं पट्टी ओरबाडून खिशात घातली. मार्लिसनं चौकशीत सगळं सांगितलं. पट्टी कुठं आहे, असं विचारून तिलाच गप्प केलं. दोष माझ्या वयावर गेला.

दर मे महिन्यात, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, कॉयची मुलगी इथं येते. यंदा तिनं पुन्हा पाटी वाचली आणि मला तळहातानं फटका मारला.

"खटारा," ती म्हणाली. "तुझ्यामुळं गेले ते."

आयुष्यभर मी आकाश दणाणून सोडलं. त्या पोरीला एक शब्द सांगू शकलो नाही.

मित्रांनो, आता मला नवा रंग देणार आहेत. मला तो नको. त्याआधी खाली वाका आणि माझं पोट नखानं खरवडा. पट्टीच्या गोंदाची चौकट अजून तिथं आहे. ती सापडली, की त्या मुलीला बोलवा.