मी जिथे, तिथे सभा

मी राजदंड बोलतोय. आवाज जरा झोपाळू वाटेल. चाळीस वर्षं भाषणं ऐकली की लाकडालाही पेंग येते.

मी मूळचा सरोवराकाठच्या झाडाचा. सुतारानं माझ्या डोक्याला तांब्याचं पान बसवलं आणि मला संसदेच्या हवाली केलं. मी टेबलावर असलो तर सभा भरते. नसलो तर आतले सगळे नुसते गप्पा मारणारे लोक. बोलणी कानावरून वाहत जायची आणि मला वाटायचं, मी अजून पाण्यावर वाकलेली फांदीच आहे.

मला खांद्यावरून आणायचे ग्रेशम चापोला. हातांवर पांढरे हातमोजे, खिशात भाजलेले शेंगदाणे. त्यांच्या खांद्यावर मला फार सुरक्षित वाटायचं.

मग लामेक न्खोस्वे राष्ट्राध्यक्ष झाले. माणूस गोड. बाजारात मासळीवालीच्या पाटावर बसून मक्याच्या पिठाची न्सिमा खायचे आणि म्हणायचे, "मावशी, खासदाराला कशाला विचारतेस? मला विचार की." लोक त्यांच्यावर वेडे होते. खरं सांगतो, मीही होतो.

त्यांच्या पक्षाचं चिन्ह होडी, आणि संसदेत बहुतेक होडीवालेच. पण राष्ट्राध्यक्ष दोनदाच होता येतं, हा कायदा बदलायचं निघालं तेव्हा तेच होडीवाले कुरकुरू लागले. कित्येकांना वाटत होतं, आता आपली पाळी.

न्खोस्वे माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांना म्हणाले, "होडी माझी, वल्हं माझं. तुम्ही आत पडलेले मासे. उडी मारायची तर मारा, काठावर मांजरं बसलीच आहेत."

सभापती तिसुंगेबाईही होडीच्याच. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, गुप्त मतदान घेऊ. निकाल लागेल तो लागेल."

"लागेल तो? मग ताई, मी कशाला आहे इथं? राजदंड असेल तिथं सभा ना? न्या त्याला फुटबॉलच्या मैदानात. लोकांसमोर एकेकानं उभं राहून सांगू दे."

मैदानात ढोल होते, धूळ होती, आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर घामेजलेले खासदार. आमचं टेबलही आणलं होतं, हिरवं कापड घालून. त्या टेबलाला खालच्या बाजूला दोन लोखंडी आकडे आहेत. मला वर ठेवलं तर कायदा होतो. आकड्यांवर ठेवलं तर ती नुसती समिती. चर्चा करा, हात वर करा, कायदा होत नाही. हे न्खोस्वेंना माहीत नव्हतं. ते सभागृहात भाषणापुरतेच यायचे.

चापोला मला घेऊन टेबलाशी आले. ते वाकले आणि त्यांनी मला कापडाआड आकड्यांवर ठेवलं. तिसुंगेबाईंनी पाहिलं आणि त्या चष्मा पुसत बसल्या. मग एकेक खासदार उठून "हो" म्हणाला. गर्दी नाचली, न्खोस्वेही नाचले. मी अंधारात पडून ते सगळं स्वप्नातल्यासारखं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत बाईंच्या अक्षरात एवढंच निघालं: राजदंड खाली, सभा समितीची.

"काका, तुम्ही मला पाडलंत," न्खोस्वे म्हणाले.

"नाही बाबा. गुडघे दुखतात, वर उचलवेना."

चापोलांची नोकरी त्याच दुपारी गेली. मला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर आणून कपाटात कोंडलं. कारण मैदानातली भीती ओसरल्यावर होडीवाल्यांना कळलं होतं की साहेबांनाही चकवता येतं. आता सभा भरली तर ते काय करतील, याची न्खोस्वेंना खात्री नाही. म्हणून मी इथं, आणि संसदेला कुलूप.

खिडकीतून सरोवराचा वारा कपाटाच्या फटीपर्यंत येतो. फाटकाशी चापोला येऊन पहारेकऱ्यांना रोज मला मागतात, रोज हाकलले जातात. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

होडीवाल्यांनो, तुम्ही माझी वाट पाहत बसला आहात असं ऐकतो. त्या दिवशी कुणाकुणाचा आवाज कापत होता, मला ठाऊक आहे. पण मला पवित्र केलं ते तुमच्यासारख्या माणसांनीच. मी लाकूड आहे, बाबांनो. काठावर अजून पुष्कळ झाडं आहेत. एक फांदी तोडा, चापोलांच्या खांद्यावर द्या, आणि सभा भरवा.