नमुना अर्ज

नांदेडहून आलेलं पत्र राजकन्यानं स्वतः उघडलं, कारण माधवराव गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना महिनाभर वाचायला मनाई केली होती. एरवी हरणवाडीच्या ग्रंथालयाचं टपाल सरळ सचिवांकडे, म्हणजे गुरुजींकडे जायचं. खेड्यापाड्यांतल्या ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी नांदेडला दोन दिवसांची कार्यशाळा होती. निधी कसा मिळवावा, प्रशिक्षणासाठी अर्ज कसा करावा, ते शिकवणार होते. येण्याजाण्याचा खर्च आयोजकच देणार होते.

पत्र घेऊन ती गुरुजींकडे गेली. ते काळा चष्मा लावून ओसरीत बसले होते.

"जाऊ का, गुरुजी?"

"जा की पोरी. नांदेड तरी बघून होईल."

कोण बोलावतंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलं नव्हतं.

राजकन्या तेव्हा तेहतीस वर्षांची होती. भूकंपात जुनं हरणवाडी भुईसपाट झालं, तेव्हा बावीसची. तिचे वडील दगडोबा गावचे कोतवाल. दिवसभर दवंड्या आणि टपालं करून संध्याकाळी ग्रंथालयात येऊन बसायचे आणि ओळीखाली बोट धरून वाचायचे. त्या पहाटे ते घराखाली गेले. आई सगुणाबाई वाचली, पण तिचा पाय कंबरेपासून गेल्यासारखाच झाला. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी गणपती विसर्जनासाठी लातूरला, मुलीकडे गेले होते. त्यांची मुलगी सौदामिनी तिथं नातेवाइकांकडे राहून कॉलेज शिकत होती. राजकन्या आणि सौदामिनी सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या.

भूकंपानंतर गुरुजींनीच राजकन्याला हात दिला. शेडमध्ये ग्रंथालय पुन्हा सुरू केलं आणि तिला तिथं बसवलं. "दगडोबा न्हाई, पण मी हाय," असं ते तिच्या आईला सर्वांसमोर म्हणाले होते. ते शब्द राजकन्या कधी विसरली नाही.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका ट्रस्टनं भूकंपग्रस्त गावांतल्या ग्रंथालयांसाठी एक योजना आणली. प्रत्येक भागातून एका कर्मचाऱ्याला नांदेडला ठेवून ग्रंथालयशास्त्र शिकवायचं, राहणं-जेवण ट्रस्टकडे, पुढं शिकायचं असलं तर तेही ट्रस्टकडेच. गुरुजी म्हणाले, "तुझ्यावर काय गुजरलं ते सगळं लिहून दे. मी नीट करून पाठवतो." राजकन्यानं चार दिवस खपून सहा पानं लिहिली. तीन महिन्यांनी गुरुजींनी सांगितलं, की नामंजूर झालं. "त्यांना पदवीधर पाहिजे, पोरी. तू पडलीस नुसती दहावी पास."

मग ती पदवीच्या मागे लागली. आईचं करायचं, ग्रंथालय उघडायचं आणि उरलेल्या वेळात मुक्त विद्यापीठाची पुस्तकं. बी.ए. व्हायला तिला सात वर्षं लागली. तोवर सौदामिनी शिकून ग्रंथपाल झाल्याचं गावात कळलं होतं. राजकन्यानं पेढे घेऊन गुरुजींचं घर गाठलं होतं.

नांदेडच्या कार्यशाळेत चाळीसेक माणसं होती. किनवटकडची, इस्लापूरची, जळकोटची. बहुतेक जण तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं बसलेले. शिकवायला मन्मथसर होते, साठीचे, हळू बोलणारे. आपण पूर्वी मुंबईच्या ट्रस्टसाठी मराठवाड्याचं काम पाहायचो, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. राजकन्यानं हात वर केला.

"सर, त्या ट्रस्टची भूकंपवाल्या गावांसाठी योजना होती. तिला पदवी लागायची ना?"

"नाही हो. दहावी पास पुरे होतं. खेड्यात पदवीधर कुठून आणणार? ती अट आम्ही मुद्दामच ठेवली नव्हती."

राजकन्या खाली बसली. गुरुजींची ऐकण्यात काही चूक झाली असेल, असं तिनं मनाशी धरलं.

दुपारी सरांनी प्रत्येकाला एक झेरॉक्स वाटली. वर लिहिलं होतं, नमुना अर्ज. अर्जदाराच्या नावावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढली होती. "माझ्या सगळ्या नोकरीत इतका चांगला अर्ज मी वाचला नाही," सर म्हणाले. "काय मागायचं ते शेवटी येतं. आधी माणूस दिसतो. ऐका."

ते वाचू लागले. बाराव्या दिवशी ढिगाऱ्यातून कपाट वर आलं. पुस्तकं भिजून फुगली होती. मदतीच्या तांदळाची रिकामी पोती पसरून त्यांवर ती वाळत घातली. नोंदवही सापडली, तेव्हा एक्केचाळीस पुस्तकं लोकांकडे होती आणि त्यांतले सत्तावीस वाचक जिवंत नव्हते. साहेब म्हणाले, ती पुस्तकं रद्द करा. मी केली नाहीत. त्या सत्तावीस नावांपुढे मी लिहिलं, वाचत आहेत.

शेजारची बाई डोळे पुसत होती. आपला अर्ज नामंजूर होऊनही सरांनी जपून ठेवला, असं एक क्षण तिला वाटलं आणि त्या क्षणापुरतं बरंही वाटलं. सर पुढं वाचत होते.

"माझ्या काकांच्या नावावर विहीर बांधायचं एक पातळ पुस्तक होतं. तेही अजून वाचत आहेत."

काका? तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. अक्षर तिचं नव्हतंच. पण ते तिला तिच्या अक्षरापेक्षाही जास्त ओळखीचं होतं. चौथीत त्याच वळणावर पाटीभर गिरवून तिनं अक्षर कमावलं होतं. गुरुजींचा 'ळ' तसाच, एका बाजूला कललेला.

चहाच्या वेळी ती सरांपाशी गेली. "सर, हा अर्ज कुणाचा?"

"नाव सांगायचं नाही असं ठरवलंय. पण पोरगी गुणी. पहिल्या तुकडीतली. आता लातूरला एका मोठ्या क्लासेसवाल्यांच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे."

"सौदामिनी."

सर तिच्याकडे वळले. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"ते कपाट मी काढलं, सर. माझी आई जवळ बाजेवर पडून होती. ती पुस्तकं मी वाळवली. विहिरीचं पुस्तक माझ्या बापाच्या नावावर हाय. नोंदवही अजून माझ्याकडं हाय, म्हणलं तर आणून दाखवते."

मन्मथसरांनी कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, "नऊ वर्षं मी हा कागद सगळीकडे वाचतोय. आता काय करू, सांगा."

"आत्ता एवढंच करा. तिथं काका खोडून वडील लिहा."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या प्रतीवर तेवढं केलं. ट्रस्टला पत्र लिहितो, असं ते म्हणाले, आणि योजना अजून चालू आहे, नवा अर्ज करा, असंही.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा संपल्यावर ती गावाकडे गेली नाही. शेजाऱ्यांना फोन करून आईला निरोप दिला, लातूरच्या बसमध्ये बसली आणि रात्र मावशीकडे काढली. सकाळी दहाला ती त्या कॉलेजात पोचली. आख्खी गल्लीच क्लासेसच्या पाट्यांनी भरली होती. निकालात आलेल्या मुलांचे फोटो तिसऱ्या मजल्यापर्यंत टांगलेले. ग्रंथालय थंडगार होतं. काचेच्या केबिनमध्ये सौदामिनी बसली होती. राजकन्याला पाहून ती उठलीच.

"अगं, तू? काकू बऱ्या आहेत ना?"

राजकन्यानं झेरॉक्स टेबलावर ठेवली. सौदामिनीनं पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"मला वाटलं होतं, बाबांनी तुला कधीतरी सांगितलं असेल."

"काय सांगितलं असंल?"

"की... तू काही जाऊ शकली नसतीस. काकूंचं कोण करणार होतं? जागा वाया गेली असती. बाबा म्हणाले, तिकडून एकालाच घेणार आहेत, राजकन्याचं तर होण्यासारखं नाही."

"मला इचारलं का कुणी? मावशी येऊन राहायला तयार होती. मी तसं लिहिलं होतं की अर्जात. शेवटच्या पानावर."

सौदामिनीनं झेरॉक्स पालथी केली. ते पान तिनं वाचलं होतं, हे तिच्या तोंडावरच दिसलं.

"एक सांग," राजकन्या म्हणाली. "माझ्या बापाला काका कुणी केलं? तू का गुरुजींनी?"

"मी," सौदामिनी म्हणाली. "बाबा उतरवून घेत होते, मी वाचून दाखवत होते. तिथं आल्यावर मला 'वडील' म्हणवेना गं. वडील समोरच बसले होते."

राजकन्याला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पेढ्यांचा तो पुडा आठवला. गुरुजींनी तो तिच्या हातातून घेतला होता, त्यातला एक तिच्या तोंडात घातला होता आणि म्हणाले होते, तूही शिकशील.

"तू रागावणारच," सौदामिनी म्हणाली. "पण मी काहीतरी करते. आमच्याकडे शिपायाची जागा निघतेय. पगार गावापेक्षा खूप बरा आहे. मी शब्द टाकला तर तुझं होईल."

"मी बी.ए. हाय," राजकन्या म्हणाली आणि कागद न उचलताच बाहेर पडली.

गावात ती संध्याकाळी पोचली. गुरुजींच्या ओसरीत गेली, पण रोजच्यासारखी खाली बसली नाही.

"गुरुजी, माझा अर्ज पाठिवलाच न्हाई ना तुम्ही?"

त्यांनी काळा चष्मा काढला नाही. लातूरहून फोन आला असावा. त्यांनी उत्तर तयार ठेवल्यासारखंच दिलं. "पोरी, तू गेली असतीस तर ग्रंथालय कोण चालवणार होतं? तुझ्यासारखं दुसरं माणूस गावात नव्हतं. सौदामिनी काय, ती नुसतीच बसून होती, तिला कागदोपत्री कर्मचारी दाखवलं. मी गावाचं पाहिलं."

"मग मला तसं म्हणायचं होतं. पदवी लागती म्हणून कामून सांगितलं? मी सात वर्षं त्याच्यामागं घातली."

"शिक्षण वाया जात नाही," गुरुजी म्हणाले.

ओसरीवरून उतरताना तिला जाणवलं, की हा माणूस खोटं बोलताना आपल्याशी जसा मायेनं बोलत होता, तसाच आत्ताही बोलतोय. कुठून कुठपर्यंतची माया खरी होती, ते तिला आता कधीच कळणार नव्हतं. तेवढं एक तिला सगळ्यात जास्त लागलं.

आठ दिवसांनी तिनं नवा अर्ज लिहिला. सचिवांची शिफारस लागतेच, म्हणून तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चाचपडत, पण लगेच सही केली. महिन्याभरानं ट्रस्टचं पत्र आलं. झाल्या प्रकाराबद्दल खेद होता, तिच्या कामाचं कौतुक होतं, आणि वयाची मर्यादा तिशीची असल्यानं नाइलाज होता. झाल्या प्रकारामुळे ट्रस्ट तेवढी सूट देईल, असं मन्मथसरांना वाटलं होतं. सोबत योजनेचं छापील पत्रक जोडलं होतं. तसलंच एक पिवळं पडलेलं पत्रक, तिशीच्या अटीसकट, तिला पुढं ग्रंथालयाच्या जुन्या फायलीत सापडलं. सही करताना गुरुजींना ही अट माहीत होती का, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून ती त्यांना सचिवसाहेब म्हणू लागली. गावात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यांच्या मात्र आलं.

काम तिनं सोडलं नाही. आईचं औषध होतं आणि दुसरी वाटही नव्हती. लातूरला ग्रंथालय प्रमाणपत्राचा रविवारचा वर्ग भरतो, असं मन्मथसरांनी कळवलं. तिथं वयाची अट नव्हती. तिनं नाव घातलं आणि जूनपासून दर रविवारी सकाळच्या एसटीनं जाऊ लागली. वर्गात बहुतेक पोरं तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती.

तिसऱ्या रविवारी वर्गीकरण शिकवायला बाहेरच्या मॅडम येणार होत्या. दार उघडून सौदामिनी आत आली. तिनं वर्गावर नजर टाकली, दुसऱ्या बाकापाशी ती अडखळली आणि मग तिनं हजेरीचं रजिस्टर उघडलं. नावं ती खाली मान घालूनच घेत होती. एका नावाशी थोडी थांबली.

"राजकन्या दगडोबा सुरवसे."

"हजर," राजकन्या म्हणाली, आणि वहीच्या कोऱ्या पानावर तिनं तारीख घातली.