उसुई घाटाची कथा

आमच्या ह्यांचा देवावर विश्वास नाही, विजेवर आहे. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून ह्यांनी जपानच्या पहिल्या विजेच्या रेल्वे इंजिनाचा इतिहास लिहिला. जपान पाहिलेलं नाही. आमच्या भंडारदऱ्याजवळच्या अकोले गावात तर रेल्वेही येत नाही. वाचनालयात व्याख्यान ठेवलं, तेव्हा ऐकायला मी आणि शिपाई. शिपायाला कुलूप लावायचं होतं. त्या दिवसापासून ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. कुणीतरी एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मागणं. मागायचं कुणाकडे, ही मात्र त्यांची अडचण.

श्रावणात माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. बायका हातात अक्षता घेऊन कथेला बसल्या आणि गुरुजींचा फोन आला: घाटात गाडी बंद पडली आहे, उशीर होईल. मी हळूच ह्यांना म्हटलं, "तोवर तुम्ही वाचता का?" मनात महादेवालाही सांगून ठेवलं, तुझी कथा मागाहून आहेच.

हे तयारच होते. बाड उघडून पाटावर बसले.

"जपानात उसुई नावाचा घाट आहे. उभा चढ, बोगद्यामागून बोगदा. कोळशाच्या इंजिनाचा धूर आत कोंडायचा, ड्रायव्हर गुदमरायचे. म्हणून एकोणीसशे बारा साली तिथे विजेची इंजिनं आली. जर्मनीहून मागवलेली."

"म्हंजे पयलं इंजिन जपानी न्हाईच?" शेजारच्या मनकर्णाबाई.

"वर्ग, म्हणजे नाव-नंबर, जपानचा; कारखाना जर्मनीचा."

"सून म्हना की. आली भायेरून, नाव ह्या घरचं."

"आन धुराचं म्हनाल," मागून रतनबाई म्हणाल्या, "ड्रायव्हर गुदमरला तर जर्मनीहून इंजिन आलं. आमी चुलीपुढं गुदमरलो, आमाला फुकनी."

बायका हसल्या. हे रागावतील वाटलं. पण ह्यांचा आवाज चढला तो आनंदाने. दोन रुळांच्या मधे दात्यांचा तिसरा रूळ, इंजिनाखाली दात्यांचं चाक, दात्यात दाता अडकवत गाडी चढते. इंजिनं एकंदर बारा.

"बारा!" रतनबाईंनी हात जोडले. "ज्योतिर्लिंगं बी तेवढीच."

"तो योगायोग आहे," हे म्हणाले. पण रतनबाईंनी जोडलेले हात सोडल्यावर.

कुणी उठलं नाही. कथा अर्धी टाकून उठू नये, हे बायकांना ठाऊक होतं आणि ह्यांना आता पटत होतं. पुढे इंजिनं म्हातारी झाली, काही विकली गेली. त्यातलं एक परत आणून, रंगवून, घाटाजवळच्या कारुइझावा गावात जपून ठेवलं. हे थांबले. बायकांच्या अक्षतांच्या मुठी तशाच मिटलेल्या.

"फळ सांगा की, काका," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कसलं फळ?"

"ऐकनाऱ्याला काय मिळतं?"

"माहिती मिळते."

"ती मिळाली वो. फळ?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समईची वात सारली. आयुष्यभर गुरुजींची उलटतपासणी घेणारा माणूस घसा खाकरून म्हणाला, "घाट चढताना गाडी मागे घसरत नाही."

अक्षता पडल्या, निम्म्या महादेवावर, निम्म्या बाडातल्या इंजिनाच्या चित्रावर. गुरुजी आले तेव्हा बायका म्हणाल्या, कथा झाली. गुरुजींना अजून दोन घरं करायची होती; त्यांनी थेट आरतीच घेतली. खरी पोथी मी संध्याकाळी एकटीने वाचली.

रात्री हे म्हणाले, "खोटं नाही बोललो. दात्याच्या रुळावर घसरत नाहीच."

"नाहीच," मी म्हटलं. त्या दिवशी ह्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

सकाळी मनकर्णाबाई दारात. लेकाने, रविराजने, नवा टेम्पो घेतला होता. भंडारदऱ्याच्या घाटात माल न्यायचा. "गाडीपुढं तेवढी कथा वाचा, काका. पर सोवळं नेसून."

मला वाटलं, आता विज्ञानावर भाषण होणार. हे बाहेर जाऊन, वाकून टेम्पोची चाकं पाहून आले.

"वाचीन," म्हणाले, "पण सगळी. मधून कुणी उठायचं नाही."

आणि मला म्हणाले, "माझं सोवळं कुठे आहे गं?"