लाल टाकीतलं स्पंदन

गॅरेजचं शटर अर्धं वर जातं न जातं तोच रांगेत ढकलाढकली सुरू झाली. दारात चपला-बुटांचा हा ढीग! कुणी काठी टेकत आलेलं, कुणी मान धरून, कुणी नुसतंच बघायला. आत मधोमध रबरी चाकांवर एक एअर कॉम्प्रेसर उभा होता. खाली लाल टाकी, वर मोटर, आणि नुसती धडधड धडधड. त्या टाकीला हात लावला की माणसं "आई गं!" करून दचकत, आणि मग डोळे मिटून समाधानाने हसत.

"आलं? आलं ना स्पंदन?" टाकीशेजारी खुर्ची टाकून बसलेले स्पंदनबाबा विचारत.

"आलं! पार कोपरापर्यंत मुंग्या आल्या!"

"मुंग्या म्हणू नये. अणूंचं स्नान झालं तुमचं. विश्वातली चुंबकीय प्राणलहर थेट पेशींत! चला, पुढचे."

रांगेत उभ्या असलेल्या ताईने कपाळावर हात मारून घेतला. ताई ही गॅरेजवाल्याची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवायची. 'अणूंचं स्नान' असं एखाद्या पोराने पेपरात लिहिलं असतं तर तिने त्याच्या बापाला बोलावून घेतलं असतं. इथे पोरांचे बापच रांगेत उभे होते आणि माना डोलवत होते.

तिच्या धाकट्या भावाला सगळे हिकमत्या म्हणत. शेजाऱ्याचा मिक्सर असो की पाण्याचा पंप, हा पठ्ठ्या खोलून बसलाच म्हणून समजा. कपाटांना फवाऱ्याने रंग मारायचा धंदा त्याने अंगणापलीकडच्या घरच्या गॅरेजात काढला, जुना कॉम्प्रेसर आणला आणि घरातून गॅरेजपर्यंतचं वायरिंगही स्वतःच केलं. "वायरमन कशाला? आपले काय हात मोडलेत?" असं तो ऐटीत म्हणाला होता. मग एके दिवशी बेकरीवाला अनवाणी आत आला, टाकीला टेकला आणि ताडकन उडाला. त्या झटक्याने त्याचा आखडलेला खांदा म्हणे मोकळा झाला. झालं! गल्लीने कॉम्प्रेसर डोक्यावर घेतला, आणि पलीकडच्या चौकात चुंबकाची कडी विकणारे गृहस्थ खुर्चीसकट इथे येऊन स्पंदनबाबा झाले.

ताईची पाळी आली. तिने हात लावला. काही नाही.

"अहंकाराला स्पंदन लागत नाही," बाबा गोड हसत म्हणाले. "पादत्राणं काढा बाई. श्रद्धा तळपायातून चढते."

"श्रद्धा नाही, वीज! माझ्या पायात रबरी सपाता आहेत म्हणून लागली नाही." तिने पर्समधून टेस्टर काढून टाकीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. "बघा! टाकीत करंट उतरलाय!"

"पाहिलंत?" बाबा खुर्चीतून उठलेच. "निर्जीव टेस्टरसुद्धा उजळला! आता तरी शंका?"

टाळ्या! अक्षरशः टाळ्या पडल्या. ताईला वाटलं, तो टेस्टर स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावा. एवढा धडधडीत पुरावा समोर धरला, तर तोही बाबाच्या खात्यात जमा.

तिने भावाला बाजूला ओढलं. "अर्थिंग दिलंयस का रे?"

"दिलंय की."

"कुठून?"

"भिंतीतून गेलंय. दिसत नाही."

"प्लग उघडून दाखव."

"तू फळ्यावर खडूने वायरिंग काढतेस ताई, मी हाताने करतो," हिकमत्या उसळला, पण तिच्या डोळ्याला डोळा देईना. सगळी गल्ली त्याला आता 'यंत्रपुत्र' म्हणत होती. बाबांनीच दिलेली पदवी. ती सोडायला त्याचा जीव होत नव्हता.

तिने सरळ जाऊन प्लग उपटला, तर रांगेने एवढा आरडाओरडा केला की विचारू नका. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. आईचे गुडघे कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हलके वाटत होते. "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का गं?" असं तिने विचारलं. वीज कचेरीत तक्रार केली, तर 'माणूस पाठवतो' एवढंच उत्तर मिळालं. इकडे हिकमत्याने प्लगभोवती लाकडी पेटी ठोकून तिला कुलूप घातलं. ताईने हात टेकले.

आणि रविवारी बाबांनी जलसाधना जाहीर केली.

ताई पोचली तेव्हा टाकीसमोर पत्र्याचं मोठं घमेलं ठेवलेलं होतं. बाबा त्यातल्या पाण्यात मूठमूठ मीठ टाकत होते. "मीठ दोष ओढून घेतं. ओले पाय पाण्यात, ओले हात टाकीला, आणि गुडघ्यांचा विषय कायमचा संपला! पहिला मान यंत्रपुत्राच्या मातोश्रींचा."

ताई आईसमोर आडवी आली. "आई, थांब! मिठाच्या पाण्यातून वीज धो धो जाते. मरशील गं!"

"अभद्र बोलू नकोस. सरक," आई पदर खोचत म्हणाली.

"मग आधी बाबांना उतरू दे!" ताई गर्दीकडे वळून ओरडली. "रोज तुम्हाला अनवाणी करतात, त्यांच्या पायात बघा काय आहे! जाड रबरी तळव्यांचे बूट! या माणसाला बूट काढून टाकीला हात लावताना कुणी पाहिलंय? एकाने तरी?"

कुजबुज सुरू झाली. बेकरीवाला पुढे झाला. "खरंच की. बाबा, काढा बघू बूट."

"माझ्यात आधीच ऊर्जा भरलेली आहे," बाबा घाईघाईने म्हणाले. "भरल्या घड्यात आणखी ओतलं तर... अनर्थ होईल."

"अनर्थ? म्हणजे नक्की काय होईल?" रांगेत कंबर धरून उभ्या असलेल्या शिंपीणबाईंनी विचारलं.

बाबा शटरकडे बघू लागले. या सगळ्या बाचाबाचीत आई कुणाचंही न ऐकता घमेल्यात उतरली होती. दोन्ही पाय पाण्यात. तिने हात भिजवले आणि टाकीकडे नेले.

"आई, नको!"

ही किंकाळी ताईची नव्हती, हिकमत्याची होती. त्याने भिंतीवरच्या मेन स्विचकडे झेप घेतली आणि खटका खाली ओढला. धडधड थांबली. आईचा हात टाकीवर पडला, पण आता टाकीत काहीच नव्हतं.

"अर्थिंग नाहीये," हिकमत्या भिंतीला टेकून म्हणाला. "मी दिलंच नाही. तीन तारांची केबल जुन्या पाइपातून जाईना, म्हणून दोन तारांचीच ओढली, मग प्लगातही दोनच जोडल्या. पहिल्या दिवशीच मला शॉक लागला होता. मला माहीत होतं, आई."

त्याने पेटीचं कुलूप काढलं, प्लग उघडून सगळ्यांसमोर धरला. पिना तीन, तारा दोन. तिसरी पिन कोरडी ठणठणीत.

ताईने आईला आधी घमेल्यातून बाहेर काढलं आणि मगच ती बोलली. "मोटर जुनी आहे. आतल्या तारांवरचं आवरण झिजलंय, तिथून वीज टाकीत पाझरते. तिला जमिनीत जायला वाट लागते. अर्थिंगची तार असती तर ती तिकडून गेली असती आणि फ्यूज उडून गडबड कळली असती. तार नाही, चाकं रबराची. मग वाट उरली कोण? तुम्ही! कोरड्या फरशीवर थोडी गेली, त्या मुंग्या. ओल्या अंगातून गेली असती तर काळजाचे ठोके बंद. बेकरीवाल्यांचा खांदा दचकून मोकळा झाला असेल, नाहीतर आपोआपही बरा झाला असता. आणि आई, तू खुर्ची सोडून रोज इथपर्यंत चालत येत होतीस. गुडघ्यांना ते चालणं मानवलं."

बाबा शटरखालून वाकून कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. खुर्ची तेवढी राहिली.

आई ओल्या पायांनी लेकासमोर जाऊन उभी राहिली. "'चुकलं' एवढा एक शब्द होता रे. तो तुझ्या तोंडातून निघायला मला मरणाच्या दारात यावं लागलं?" हिकमत्या लहान पोरासारखा रडू लागला, आणि तिने त्याला जवळ घेतलं नाही.

"आता माझ्या कंबरेचं काय?" शिंपीणबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "ती खरंच दुखते हो."

ताईचा राग जरासा उतरला. "दुखतेच. ते कुठे खोटं आहे? उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर. पण त्यांनाही विचारायचं, काय झालंय, औषध कशाने लागू पडतं. जो सांगेल त्याचं ऐकायचं. विचारल्यावर जो चिडेल, तुमच्या श्रद्धेवर घसरेल, त्याच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही." तिने सगळ्यांकडे बघितलं. तिचा आवाज चढला आणि तो तिने आवरलाही नाही. "इतके दिवस घसा फोडून सांगतेय, विचारा रे, विचारा! प्रश्न विचारल्याने कुणी मरत नाही. आजवर तुम्ही कुणीच विचारला नाहीत, म्हणून आज माझी आई गेली असती."