पितराचा पाट

हिलाल एसटीतून उतरला तो नेमका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. मेल्याला दुसरा मुहूर्त सापडला नाही! नव्वद सालची गोष्ट. नरडाण्याजवळच्या त्या गावात घरोघर पितरांच्या नावानं घागरी भरलेल्या, आणि कमलबाईच्या ओट्यावर तिचा पोरगा गिरधर कुऱ्हाड घेऊन बसलेला.

बांधाच्या भांडणात हिलालनं तिच्या नवऱ्याला, झुलालला, डोक्यात काठी घालून जिवे मारलं होतं. हिलाल जेलात गेला तेव्हा कमलबाई भर चौकात बोलली होती, "ह्याचं मढं पाहिल्याशिवाय झुलालची घागर भरणार नाही." तेच ऐकत गिरधर मोठा झाला. आता त्याची बायको पोटुशी होती, आणि कमलबाईला आपल्याच जिभेची भीती वाटत होती. हिलाल मेला तर गिरधर आत जाणार. म्हणजे आपलं पोर आपणच जेलात घातलं की!

गावात कुणी म्हणे हिलाल सुधरून आला, कुणी म्हणे फुकटचं खाऊन आला.

"सरकारनी शिक्षा सरनी, आमनी नही," गिरधर म्हणाला.

तेवढ्यात हिलाल खरोखरच दारात उभा राहिला. केस पिकलेले, काखेत लाकडी पाट. "वहिनी, जेलमा सुतारकाम शिकनू. हाऊ पाट मन्हा हातना शे. तुन्हा दारे ठेवाले उनू."

गिरधर कुऱ्हाड उचलून उठला. शेजारीपाजारी बघत राहिले, आडवं यायला कुणी धजेना.

कमलबाईनं झटकन तो पाट ओढून घेतला, घरात मांडला आणि हिलालचं मनगट धरून त्याला त्यावर बसवलं. कोनाड्यात पालथी पडलेली घागर भरली, वर आंबा ठेवला, ताट वाढलं. आखाजीला असा पाटावर जेवायला बसतो तो त्या घरचा पितर. गेलेला माणूसच जेवतो, असं मानतात. गिरधरला हे काय ठाऊक नव्हतं?

"माय, हाई काय कराले लागनी तू?" तो किंचाळला.

"आते हाऊ हिलाल नही, तुन्हा बाप शे. मार! बापले मार!"

कुऱ्हाड वर गेली ती वरच राहिली. मग गळून खाली पडली, आणि गिरधर दाराला टेकून हमसून हमसून रडू लागला.

हिलालनं ताटाला हात लावला नाही. "वहिनी, माफ करं का माले?"

"नही," कमलबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात पुरणपोळी वाढली. "मन्हा धनी इतला वरीसना उपाशी शे. जेव."