शिडीवर पाय ठेवू नका

शोभनाला ताप भरला तेव्हा बेट दिसू लागलं होतं. समुद्रातून एकदम वर आलेला हिरवा डोंगर, पायथ्याशी नारळीची झाडं आणि एक पांढरं चर्च. या बेटावर येण्यासाठी तिने आणि तिच्या नवऱ्याने, सत्यजितने, मिनेसोटात ईडन प्रेरीतलं घर भाड्याने दिलं होतं, तिथल्या तळ्यांवर दोघं शिडं हाताळायला शिकले होते आणि होनोलुलूहून शिडाच्या बोटीने थेट अमेरिकन सामोआ गाठलं होतं. तिथल्या पागो पागोच्या बंदरात थोडा विसावा घेतला, तेव्हा दुकानातल्या रांगेत मागची बाई सारखी खोकत होती. शोभनाला आता राहून राहून तीच आठवत होती.

सत्यजित म्हणाला, दमली आहेस, गोळी घे, उतरेल. गोळी तिने घेतलीच होती. पण जन्मभर फार्मसिस्टचं काम केलेली ती. गोळीने ताप उतरतो, आजार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बेटावरच्या शाळेत शिकवणारी मालिया प्रवासाच्या तयारीत ओळख झाल्यापासून वर्षभर फोनवर तिच्याशी बोलत आली होती. तिथे डॉक्टर नव्हता, आणि घरोघरी म्हातारी माणसं होती, हे मालियानेच सांगितलेलं.

नांगर टाकतात न टाकतात तोच किनाऱ्यावरून एक होडी निघाली. मालिया पुढे उभी राहून हात हलवत होती. तिच्यामागे, गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या आजीबाई मांडीवर फुलांचे हार घेऊन बसल्या होत्या.

"आता यांना काय सांगणार?" सत्यजित हळूच म्हणाला. "मास्क लाव आणि जरा लांब बस. नाही म्हटलं तर अपमान वाटेल त्यांना."

शोभनालाही तेच करावंसं वाटत होतं. होडी बोटीला लागली, मालियाचा हात शिडीवर पडला.

"शिडीवर पाय ठेवू नका," शोभना इंग्रजीत ओरडली. आवाज चिरकला. "मला ताप आहे. कशाचा ते माहीत नाही."

होडीतलं हसणं विरलं. मालियाने हात काढून घेतला आणि आजीबाईंना त्यांच्या भाषेत समजावलं. त्या शोभनाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग होडी मागे वळली.

"झालं समाधान?" सत्यजित म्हणाला. आपण उगाच घाबरलो की काय, या विचाराने शोभनाला अंगातल्या तापापेक्षा जास्त त्रास होत होता.

दुसऱ्या दिवशी सत्यजितलाही हुडहुडी भरली. तो अंथरुणातून उठेना. दुपारी वारा फिरला, बोट हिसके देऊ लागली आणि नांगर तळावरून सरकायला लागला. मागे प्रवाळाच्या खडकावर लाटा फुटत होत्या. शोभनाने इंजिन चालू केलं, पण सुकाणू सोडून नांगराकडे जाणार कोण? तिने रेडिओ उचलला आणि मालियाला हाक मारली. हाक मारतानाही, आपण यांना जवळ बोलावतोय याची भीती वाटत होतीच.

चार जण होडी घेऊन आले. तोंडाला फडकी बांधलेली. बोटीवर कुणी चढलं नाही. त्यांनी लांबूनच दोर फेकला, शोभनाने क्षणभर सुकाणू सोडून तो बोटीच्या पुढच्या खुंटाला बांधला, आणि दुसरं टोक त्यांनी खाडीतल्या जाडजूड खांबाला आवळलं. बोट थांबली. रेडिओवर मालिया म्हणाली, "आजी सांगते, काल तुम्ही खरं बोललात, म्हणून आज माणसं पाठवायला तिला भीती वाटली नाही."

शोभना सुकाणूपाशीच खाली बसली आणि रडली.

ताप दोघांचाही उतरला. मालियाने किनाऱ्यावर बोलावलं, तरी शोभनाने आणखी काही दिवस थांबायला लावलं. शेवटी गावात गेली तेव्हाही कुणी पोर शिंकलं की तिची मान वळायची. जेवण साधंच होतं, भाजलेला मासा आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. ते तिने आजीबाईंपासून चार हात दूर बसून खाल्लं.

पागो पागोला परतल्यावर ती रोज सकाळी मालियाला फोन करून कुणी खोकतंय का विचारायची. सत्यजित आता फोन संपेपर्यंत तिच्या शेजारी उभा राहायचा. गावात कुणीही आजारी पडलं नाही.